दोन लाख एकतीस हजार नऊशे त्रेपन्न

“बाबा, बसा ना जरा एका जागी! फरशी झिजेल.”

लेकीनं दुसऱ्यांदा दटावलं तेव्हा मीटरवाले दवाखान्याच्या बाकावर टेकले आणि लगेच उठले. आज पाचवा दिवस. डोक्यातली गुठळी काढल्यापासून बायको एक शब्द बोलली नव्हती. सकाळी डॉक्टर सांगून गेले होते, आज शुद्ध नीट येईल, पण त्या माणसं ओळखतील का ते आत्ताच सांगता येत नाही. तेव्हापासून या गृहस्थाच्या पायाला भिंगरी लागली होती.

हातात औषधांच्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्या पाठीवर नुसते भागाकार. बायकोच्या मनगटावरच्या पट्टीवर रुग्ण क्रमांक होता, २३१९५३. उभा जन्म घरोघरच्या वीजमीटरांचे आकडे टिपण्यात गेलेला. आकडा दिसला की त्याची कुळकथा शोधल्याशिवाय यांना चैन पडत नसे. सम की विषम, तीननं जातो का, पूर्ण वर्ग आहे का. सगळ्यात लाडकी मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग न जाणारी. दुसरे नवरे घरी येताना खाऊ आणतात, हे मूळ संख्या आणायचे. बायको शिवणकाम करायची. कापड आखायच्या खडूनं ती टेबलावरच पडताळा घ्यायची आणि बऱ्याचदा यांचा पतंग काटायची. “अहो, सदतीसनं जातोय की!” सदतीसशी त्यांचं जन्माचं वाकडं होतं.

या वेळी मात्र त्यांनी पाच दिवस खपून चारशे एकोणऐंशीपर्यंतच्या एकूण एक मूळ संख्येनं भागून पाहिलं होतं. पुढच्या मूळ संख्येचा वर्गच या आकड्याच्या वर जात होता, त्यामुळे त्यापुढे पाहायची गरजच नव्हती. कशानंही न फुटणारा आकडा तिच्या मनगटावर आहे, एवढ्याच आधारावर ते उभे होते. वेडेपणाच तो, पण होता खरा.

“या, जाग्या झाल्यात,” सिस्टर म्हणाली.

बायकोनं लेकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अगदी परक्यासारखं. लेकीनं तोंड फिरवलं. मीटरवाल्यांनी पट्टीवर बोट ठेवलं.

“दोन लाख एकतीस हजार नऊशे त्रेपन्न. मूळ संख्या आहे. सगळं तपासलंय मी.”

तिच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलत राहिले.

“तीन-तीन आकडे तोडून बेरीज करायची, ती सदतीसनं गेली की आकडाही जातो,” आवाज खरखरीत झाला होता. “दोनशे एकतीस आणि नऊशे त्रेपन्न, अकराशे चौऱ्याऐंशी. म्हणजे सदतीस गुणिले बत्तीस. सदतीसनं जातो की हो, भाऊ.”

भाऊ. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना अशी हाक कधी मारली नव्हती.

“चुकलंच माझं,” ते कसंबसं म्हणाले.

“वाईट नका वाटून घेऊ. आमच्याकडेही एक आहेत, सदतीसला हमखास चुकतात.” ती किंचित हसली. “संध्याकाळी येतील कामावरून. दाखवते त्यांना हा.”

मीटरवाल्यांनी चिठ्ठ्या खिशात टाकल्या. पाच दिवसांत पहिल्यांदाच ते स्टूल ओढून नीट बसले.

“बसतो मग,” ते म्हणाले, “ते येईपर्यंत.”