व्हर्लिनच्या पिकअपला डावीकडे

आमच्या वस्तीचं नाव इम्पीरियल कॉर्नर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नऊ घरं, धान्याची एक रिकामी कोठी आणि कॅन्ससचा वारा. कागदोपत्री आम्ही गाव नाहीच. नगरपालिका नाही, महापौर नाही. पत्त्यातसुद्धा शेजारच्या गावाचं नाव लिहावं लागतं. रस्त्याला खड्डा पडला की ज्याचा ट्रॅक्टर आधी सुरू होईल तो बुजवतो. बहुतेक वेळा तो व्हर्लिनचा असायचा. व्हर्लिन माझा नवरा. मार्चमध्ये गेला.

मला रडू आलं नाही. दफनाच्या दिवशी नाही, नंतरही नाही. शेजाऱ्यांनी आणलेल्या नूडल्स मी उभ्याउभ्या खाल्ल्या, भांडी घासून परत केली. सगळे म्हणाले, लोरेन खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून चौकातली त्याची निळी पिकअप दिसायची. फार वर्षांपूर्वी तिचं इंजिन तिथेच बसलं. "उद्या ओढून आणतो," म्हणाला होता. तो उद्या काही उजाडला नाही. गांधीलमाश्यांनी आत घर केलं, चाकं मातीत रुतली. मला वाटलं, ती गेली की काहीतरी वाटेल. रडू, राग, काहीही चालेल. मी भंगारवाल्याला फोन केला.

बातमी वाऱ्यावर डेल्बर्टकडे पोचली. तो पलीकडच्या घरातला, आमच्या आगीच्या बंबाचा म्हातारा ड्रायव्हर. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"लोरेन, पिकअप देतेयस म्हणे?"

"देतेय. तुला हवी?"

"मला कशाला? माझ्या अंगणात तीन सडतायत. पण मग लोकांना रस्ता कसा सांगायचा?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जिल्ह्याने लावलेल्या पाट्यांची पोरांनी बंदुकीने चाळण केली आहे, आणि फोनवरचा नकाशा पाहुण्याला हमखास ओढ्यात नेतो. म्हणून सगळे एकच सांगतात: व्हर्लिनच्या पिकअपला डावीकडे.

"कोठीपासून सांगा," मी म्हटलं.

"बघ बाई. तुझी वस्तू आहे. इथे तुला अडवणारं कोण बसलंय?"

हे मात्र खरं. आमच्याकडे अडवायला कुणी नाही, हेच इथलं सुख. त्या दिवशी कुणीतरी अडवलं असतं तर बरं झालं असतं.

भंगारवाल्याने साखळी लावली, पिकअप कुरकुरली आणि गेली. मागे फिकट गवताचा चौकोन उरला. मी खिडकीत उभी राहून वाट पाहिली. काही झालं नाही. मग बटाटे सोलले.

पहिली थंडी पडली तेव्हा घर तापवायच्या गॅसच्या टाकीचा काटा खाली आला. गॅसचा टँकर घेऊन येणारा ड्रायव्हर नवा होता. ओढ्याकाठून त्याचा फोन आला.

"मॅडम, इथे नुसत्या गायी आहेत. वाटेत डेल्बर्ट म्हणून कुणी भेटले, त्यांना विचारलं, तर म्हणाले, शाळेवरून सरळ जा. शाळा कुठेच नाही हो!"

मला हसू आलं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा याच डेल्बर्टने मलाही ती शाळा सांगितली होती. अर्धा दिवस शोधत हिंडले. शाळा माझ्या जन्माआधीच वादळाने उडवून नेलेली. "मग शाळा का सांगितलीस रे?" म्हणून भांडले, तर हा म्हणतो, "अगं, मग काय सांगू?" व्हर्लिन हसून हसून जमिनीवर बसला होता.

"शाळा सोडा," मी ड्रायव्हरला म्हटलं. "मागे फिरा, कोठीवरून सरळ या. पुढे चौक लागेल. तिथे व्हर्लिनची पिकअप होती, तिथून डावीकडे."

"होती? मग आता तिथे काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "आता तिथे काहीच नाही हो."

आणि माझा बांध फुटला. हातात रिसीव्हर तसाच धरून मी हमसून हमसून रडले. तो बिचारा "मॅडम? मॅडम, डावीकडेच ना?" विचारत राहिला.