पोफळीची खाच

माझा बाप लाकूडतोड्या. माणगावच्या वरच्या रानात ऐन, किंजळ, आंबा तोडून त्याने आम्हा पाच भावंडांना वाढवलं. तेव्हा झाडाबद्दल मला कुणी काही शिकवायची गरज नाही, असा माझा तोरा होता. जंगल सत्याग्रहाच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन मी दिवेआगरला आले आणि हा तोरा माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठला.

नवऱ्याचं नाव धर्माजी. आता म्हातारपणी घेते, तेव्हा घेत नव्हते. लोकांच्या बागायती वाड्यांमधल्या सुपाऱ्या उतरवायचं त्याचं काम. सुपारीचं झाड म्हणजे पोफळ. मांडीएवढं खोड, पन्नास हात उंची आणि फांदी म्हणाल तर एक नाही. उतरवणारा माणूस प्रत्येक झाडावर चढत-उतरत बसत नाही. एकदा वर गेला की शेंडा धरून झाडाला झोका देतो, पुढच्या झाडाचा शेंडा पकडतो आणि पलीकडे जातो. अख्खी ओळ अशी संपवून शेवटच्या झाडावरून खाली येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते. मेला वरून हसला होता.

नवरात्रात मी धुणं वाळत घालायला घरामागच्या दोन पोफळींना दोरी बांधली. झाडं वाडीच्या मालकाची, पण आमच्या मागच्या दाराशी, ओळीच्या टोकाला होती. एका झाडावरून दोरी सारखी घसरायची. माझ्या माहेरी अशा वेळी खाच पाडतात. ऐनाला पाडा, आंब्याला पाडा, दोन पावसाळ्यांत कडेची साल चढून जखम मिटते. झाडाला ढिम्म काही होत नाही, कारण वरचं पांढरं लाकूड कच्चं आणि खरा जोर आतल्या तांबड्या गाभ्यात. मी कोयता घेतला आणि डोक्याच्या उंचीवर खोडाभोवती खाच पाडायला लागले. कोयता उडत होता इतकं वरचं लाकूड टणक. मी म्हटलं, बाहेर हे असं, तर गाभा लोखंडाचाच असणार. पेरभर आत गेल्यावर मऊ लागलं तेव्हा मला बरंच वाटलं, काम सोपं झालं म्हणून. वर काथ्याच्या दोरीचे सहा वेढे दिले आणि खाच झाकून टाकली. मालकाच्या झाडाला कोयता लावला हे कुणाला सांगायचं कशाला?

पौषातली सकाळ होती. धर्माजी घरामागच्या त्याच ओळीवर चढला होता. मी आणि माझी सासू मनुबाई, तिला मी आत्या म्हणायचे, मागच्या अंगणात बसलो होतो. वादळात पडलेली एक जुनी पोफळ उभी चिरून तिचे दोन भाग केले होते. आतलं कोरून काढलं की वाडीत पाणी न्यायला लांबलचक पन्हळ तयार होतात. मी विळा घातला, तर आतलं सगळं भिजल्या काथ्यासारखं हातात आलं.

"आत्या, ही तं कुजलीय," मी म्हणाले.

"कुजलीय कुठली? पोफल अशीच असते गो. तिचा सगला जोर सालीखाली, बोटभर. आत निसता भुसा." आत्याने मूठभर भुसा उचलून मला दाखवला. "आनि वरून जखम झाली तं जलमभर भरत न्हाय. आंब्यावानी न्हाय ती."

माझा हात थांबला. मी वर पाहिलं. धर्माजी चौथ्या झाडावर होता. दोरीचं झाड सहावं.

खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मला काय काय दिसलं सांगू? आत्याचं तोंड दिसलं. मालक अंगणात उभा दिसला. नवऱ्याच्या वाटेवर कोयता चालवणारी बाई म्हणून गाठोडं घेऊन माहेरी निघालेली मी दिसले. माझी भीती आधी माझ्यासाठी होती. हे लपवण्यात आता काही अर्थ नाही.

मी झाडाखाली गेले आणि साळसूदपणे हाक मारली, "अवो, जेवाया या!"

"ही वल संपवून येतो!" तो पाचव्या झाडावर पोचलासुद्धा.

"भाकरी निवंल!"

"निवूं दे!"

मी मनाला समजावलं, नवरात्रापासून दोनदा तो या झाडावरून गेलाय, काही झालं नाही, आजही होणार नाही. तोंड उघडायच्या ऐवजी मी ही असली गणितं करत उभी राहिले. पाचवं झाड वाकलं. धर्माजीने हात लांब केला, सहाव्याचा शेंडा पकडला आणि अंग टाकलं.

दोरीच्या वेढ्यांखाली चट् असा आवाज झाला. मग आणखी एक.

"धर्माजी!" मी किंचाळले.

वर सगळं थांबलं. बायकोच्या तोंडून नाव ऐकल्यावर कुठला माणूस हलेल?

"काय गो? कोन मेला?"

"हलू नका! झाड कापलंय! दोरीखाली. मीच कापलंय!"

आत्या धावत आली. तिने वेढ्याखाली बोट घातलं, ते पेरभर आत गेलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मागे वळून अंगणातला एक पन्हळ ओढू लागली. "बघत काय ऱ्हायलीस? दुसरा घे!"

आम्ही दोन्ही पन्हळ खोडाला दोन बाजूंनी उभे लावले, मोडलेल्या हाताला कामट्या बांधतात तसे. ते पुरते मिटत नव्हते. मी धुण्याची दोरी सोडली, लुगडी मातीत पडली. दोरी गुंडाळली, पण माझी गाठ काही बसेना. आत्याने ती हिसकावून घेतली आणि दातांनी ओढली. चट्. झाड किंचित वाडीतल्या विहिरीच्या बाजूला कललं.

"धर्मा, झोका देऊ नुको," आत्या वर न बघता म्हणाली. "सरल खाली ये. हलू."

त्याने आधी कमरेचा कोयता सोडला. तो शेजारच्या केळीवर पडला आणि केळ मधोमध चिरत गेली. तिचं खोड म्हणजे नुसती सोपटं एकावर एक, त्यात कसला दम! मग तो उतरू लागला. पायात अडकवलेला दोरीचा फास एक वीत खाली सरकायचा, मग हात, मग पुन्हा फास. आम्ही दोघी खोडाला मिठी मारून उभ्या होतो. झाडाच्या आतली तूट मला गालाला कळत होती, एकेक धागा सुटत होता. पन्नास हात उतरायला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. मला वाटतं, तेवढ्यात मी म्हातारी झाले.

त्याचे पाय आमच्या डोक्यांपर्यंत आले आणि त्याने खाली उडी टाकली. जमिनीवर तसाच बसून राहिला. आत्याने देवाचं नाव घेतलं आणि भिंतीला टेकली. आम्ही मिठी सोडली तसं झाड कुरकुरलं, पन्हळ दोरीसकट फाकले आणि पोफळ विहिरीच्या काठावर आडवी झाली. तिथे धोंडे आहेत.

मी रडत रडत सगळं सांगितलं. माहेरची रीत, कोयता, वेढे. धर्माजी शिव्या देईल, हात उगारेल असं मला वाटत होतं. उगारला असता तर बरं झालं असतं. तो मोडलेल्या बुंध्यातला भुसा बोटांनी चिवडत होता.

"तुला ठावं नव्हतं," तो म्हणाला. "रानातली तू. तुला कसं ठावं असनार?"

माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच त्याने मान वर केली.

"मला जेवाया हाक मारलीस, तवा ठावं हुतं?"

आत्यासुद्धा माझ्याकडे बघायला लागली. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं, पण ते तोंडातून निघेना.

"व्हय," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि हात धुवायला गेला. त्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही, मला माहेरी धाडलं नाही, मालकाला झाड किडीने पडलं असं सांगितलं. आमची चार मुलं झाली. पण पुढे तीस वर्षं, प्रत्येक वेळी पायात फास अडकवण्याआधी तो मला जवळ बोलवायचा आणि विचारायचा, "राही, काय सांगायचं ऱ्हायलंय का?"

मी न्हाय म्हणायचे. तो लगेच चढायचा नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.