जहाजामागे ओतलेलं पाणी

मर्स-अल-कबीरची खाडी देवाने फार सढळ हाताने घडवली, आणि तेच गावाच्या मुळावर आलं. पाणी खोल, डोंगराची आडभिंत, वाऱ्याला वाट नाही. असं बंदर दिसलं की परक्या आरमारांच्या तोंडाला पाणी सुटतं. पोर्तुगीज आले, स्पॅनिश आले ते पिढ्यान् पिढ्या बसले, मग तुर्क, मग फ्रेंच. चाळीस साली तर फ्रेंचांची जहाजं त्यांच्याच दोस्तांनी, म्हणजे इंग्रजांनी, इथल्या पाण्यात फोडली. भांडण त्यांचं, कानठळ्या गावाच्या.

बासष्ट साली देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. पण करारात एक कलम निघालं. खाडी आणि डोंगरातले बोगदे पंधरा वर्षं फ्रेंच आरमाराला भाडेपट्ट्याने. कद्दूर कोळी म्हणायचा, लग्न लागलं, वरात निघाली, पण नवरी अजून माहेरीच ठेवून घेतलीय. आणि मग अडुसष्टच्या जानेवारीत, निम्म्याहून जास्त पट्टा शिल्लक असताना, भाडेकरू आपणहून सामान बांधू लागले. का, ते पॅरिसला माहीत. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून गाव खूश होतं. गल्लीत चण्याच्या पिठाच्या वड्या भाजणाऱ्याकडे गर्दी हटत नव्हती.

खूश नव्हती ती एकटी यामिना. ती कद्दूरची विधवा वहिनी. माशांना मीठ लावायच्या वखारीत तिचं आयुष्य गेलं होतं. तिचा धाकटा मुलगा बूझियान तळावर, डोंगरातल्या बोगद्यांत वेल्डिंगचं काम करायचा. तळ बंद म्हणजे काम बंद. त्याच्या फ्रेंच फोरमनने त्याला समुद्रापलीकडे तूलाँच्या गोदीत नोकरी देऊ केली होती, वर राहायला खोली. शेवटच्या जहाजातून तोही जाणार होता.

बूझियानने हे सांगितलं तेव्हा यामिना मासे साफ करत होती. ती मासे साफ करतच राहिली. बोलून काय उपयोग, हे तिला थोरल्याने शिकवलं होतं. थोरला मिलूद सात वर्षांपूर्वी मार्सेयला गेला. त्याचा एक फोटो आला होता, दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीला टेकून उभा असलेला. मिलूद गेला त्या दिवशी यामिना तापाने फणफणली होती, आणि त्याच्यामागे उंबऱ्यावरून पाणी ओतायला घरात कुणी नव्हतं. निघणाऱ्यामागे पाणी ओतलं की तो फिरून येतो, आणि मग तीन दिवस घर झाडायचं नाही, नाहीतर माणूस केरासोबत कायमचा जातो, हे आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल. मिलूद का परतला नाही याची शंभर कारणं लोक देत. यामिनाला एकच पटत होतं.

गावात तिने बूझियान जाणार असल्याची वाच्यता केली नाही. फ्रेंच निघाल्याबद्दल ज्या गल्लीत ढोल वाजतायत, तिथे माझा मुलगा त्यांच्याबरोबर चाललाय हे कुठल्या तोंडाने सांगणार? तिने सांगितलं, शेवटचं सामान चढवायला जातोय, येईल संध्याकाळी.

त्या सकाळी आरमाराचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. पुढे एक अधिकारी, मागे पेट्यांवर बसलेले खलाशी. बूझियानने मागच्या फळीवर पाय ठेवला, एकदा वळून पाहिलं आणि वर चढला. ट्रक हलला. यामिना उंबऱ्यावर आली. इतर बायका तांब्याभर ओततात. तिने भरलेली बादली उचलली आणि सबंध उपडी केली. पाणी उतारावरून ट्रकच्या चाकांमागे धावत गेलं.

अख्ख्या गल्लीने ते पाहिलं.

शेजारीण झोहराच्या हातातलं पीठ परातीत तसंच राहिलं. ती म्हणाली, अगं बाई, हे तू काय केलंस, त्या मेल्यांना निरोप दिलास की आवतण? तोवर कद्दूर आलाच. चेष्टा करायची संधी तो मेला तरी सोडायचा नाही.

"वहिनी, एवढं प्रेम होतं तर आधी सांगायचंस. पंधरा वर्षं कमी पडत होती का? आता बघ, परत येताना चुलत्या-मामांनाही घेऊन येतील."

हसण्याची लाट गल्लीभर गेली. पण एक-दोन म्हातारे हसले नाहीत. यामिना रिकामी बादली घेऊन आत गेली. खरं सांगता येत नव्हतं, आणि खोटं सुचत नव्हतं.

दुपारी जहाज सुटलं. धक्क्यावर गाव लोटलं होतं. बायकांनी गळ्यातून आनंदाच्या लांब आरोळ्या काढल्या, आपल्या सैनिकांनी झेंडा चढवला, आणि ते राखी धूड बंदराच्या भिंतीला वळसा घालून दिसेनासं झालं. यामिना धक्क्यावर गेली नाही. ती घरात बसून राहिली. फरशीवर सकाळच्या पावाचे तुकडे पडले होते, बूझियान खायचा तिथेच. तिने ते उचललेही नाहीत.

ऊन कलत असताना बाहेरचा ढोल अर्ध्यात थांबला.

कुणीतरी ओरडलं, मग सगळे एकदम बोलू लागले. यामिना दारात आली. बंदराच्या भिंतीच्या टोकाकडून तेच राखी जहाज सावकाश आत येत होतं. गल्लीतल्या लोकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कुणी म्हणालं करार फाडला, कुणी म्हणालं पॅरिसचं मन फिरलं. या खाडीने इतक्या वेळा फसवलं होतं की लोकांना काहीही खरं वाटलं असतं. आणि मग एकेक मान यामिनाच्या दाराकडे वळली.

या वेळी कुणी चेष्टा केली नाही. झोहरा आपल्या घरातून झाडू घेऊन आली. पाणी ओतून बोलावलेलं झाडून घालवता येतं, असं तिचं म्हणणं होतं. घर झाड, उंबरा झाड, पार रस्त्यापर्यंत झाड, अजून वेळ गेलेली नाही. मागून बायकांनी तेच धरलं. कद्दूरसुद्धा गंभीर झाला होता. तो म्हणाला, झाड वहिनी, एवढं तरी कर गावासाठी.

झाडू यामिनाच्या हातात आला. तिने खाली पाहिलं. आत पावाचे तुकडे होते, दाराशी बूझियानच्या बुटांची माती होती. सगळी गल्ली वाट बघत होती. जन्मभर तिने या लोकांचं ऐकलं होतं, त्यांच्याच आधाराने नवऱ्यामागे दोन मुलं वाढवली होती.

"नाही झाडणार," ती म्हणाली. "बूझियान आहे त्या जहाजावर. सामान चढवायला नाही गेला. कायमचा गेलाय, तूलाँला. मी पाणी त्याच्यासाठी ओतलं. ते येतायत तर येऊ देत. मला माझं पोर पाहिजे."

यामिनाला वाटलं, आता शिव्या येतील. तिला त्याचीही पर्वा उरली नव्हती. पण त्या गल्लीत क्वचितच एखादं घर असेल, ज्यातला कुणी समुद्रापलीकडे नव्हता. झोहराचाच नवरा लियाँमध्ये होता. तिने पुढे होऊन यामिनाच्या हातातला झाडू काढून घेतला आणि स्वतःच्या पाठीमागे धरला, जणू तिने तो आणलाच नव्हता.

"आधी बोलायचंस ना गं," ती म्हणाली. "मीही एक बादली ओतली असती."

कद्दूर खाकरला. मग यामिनाकडे न बघता म्हणाला, चल, बघून तर येऊ, नशिबात काय आहे. आणि सगळी गल्ली तिच्याबरोबर धक्क्याकडे निघाली.

जहाज धक्क्याला लागलं नाही. ते खाडीच्या मध्यावर उभं राहिलं आणि त्यातून एक लहान होडी उतरली. आपल्या सैनिकांनी ती धक्क्यावर अडवली. होडीतल्या अधिकाऱ्याने समजावलं, बाहेर समुद्र खवळलाय, पहाटेपर्यंत आसरा हवा, पुन्हा निघायचंच आहे. हा निरोप मागे लोकांत पोचला तसे खांदे सैल झाले. कुणीतरी तर हसलंसुद्धा. स्वातंत्र्यानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच फ्रेंचांना या खाडीत थांबायला परवानगी मागावी लागली होती.

यामिनाने यातलं काहीच ऐकलं नाही. होडीच्या मागच्या टोकाला, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन, बूझियान बसला होता.

तो वर चढला. कद्दूरने पेटी घेतली आणि यामिनाच्या मनात होतं तेच विचारलं, रात्रीपुरता आलास की कसा? बूझियानने उत्तर काकाला दिलं नाही, आईला दिलं.

"आलो, यम्मा. बाहेर पडल्यावर सगळे पुढे बघत होते, कुठे काय दिसतंय म्हणून. मी मागे बघत होतो. मिलूद गेल्यापासून तू रोज संध्याकाळी दारात उभी राहतेस, मी कामावरून येताना बघतो. आता माझ्यासाठीही उभी राहणार, एवढंच डोक्यात येत राहिलं. जहाज वळलं तेव्हा म्हटलं, मला उतरवा."

"काम?" यामिनाने विचारलं.

"नाहीये. बघू."

तिने त्याचा दंड धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. भर रस्त्यात, लोकांसमोर, ती रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. गल्लीतल्या बायकांनी दुपारच्याच आरोळ्या पुन्हा काढल्या. कद्दूरने जाहीर केलं की या पोराला तो स्वतःच्या होडीवर घेईल, पण होडीला भोक पडेल त्या दिवशी, ते बुजवायला, कारण मासे धरणं याच्या बापाला जमलं, याला जमणार नाही.

पहाटे जहाज गेलं. या वेळी गाव धक्क्यावर गेलं नाही, गच्च्यांवरून श्वास रोखून बघत राहिलं. शेवटचा धूर विरला, बराच वेळ गेला, काही परत आलं नाही, तेव्हा कुठे लोकांची खात्री पटली. किती शतकांनी खाडीत परकं जहाज नव्हतं, याचा हिशेब कुणालाच लागेना. म्हातारी माणसं रडली. खाली कुठेतरी ढोल सुरू झाला.

झोहरा धावत यामिनाच्या दाराशी आली. यामिना आत भिंतीला टेकून बसली होती, चादर खांद्यावर ओढून. उजाडल्याचं तिला कळलं असावं, पण खिडकीशी ती गेलेली दिसत नव्हती.

"अगं गेले, गेले सगळे," झोहरा दारातूनच म्हणाली. "खाडी मोकळी झाली. ऊठ, बघ तरी."

यामिनाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "तो झोपलाय."