तिसऱ्या खांबामागचं बटण

लनेल प्रुइट बंद कारखान्याच्या दाराजवळची भिंत चाचपडत होती. तेवढ्यात कंपनीसाठी जागा बघायला आलेले केसलर तिला ओलांडून सरळ अंधारात गेले, तिसऱ्या खांबामागे हात घातला आणि बटण दाबलं. अर्धे दिवे लागले.

"छप्पर छान उंच आहे," ते म्हणाले. "आधी काय चालायचं इथे?"

"जीन्स शिवायचे." लनेल अजून त्या बटणाकडेच बघत होती.

अलाबामाच्या या कोपऱ्यात आपण पहिल्यांदाच येतोय, असं हा माणूस सकाळपासून गाडीत तीनदा म्हणाला होता. कंपनीचं नाव विचारणार नाही, अशा कागदावर लनेलची सही होती. काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, उद्योग आणायची नोकरी म्हटल्यावर अशा सह्या कराव्याच लागतात. करार होईपर्यंत कंपनीला म्हणायचं 'मॅग्नोलिया'. नवऱ्या मुलाने तोंडाला फडकं बांधून मुलगी बघायला यावं, तसला प्रकार. मुलीकडच्यांचं, म्हणजे गावाचं, मात्र सगळं छापून तयार: चर्च एकेचाळीस, सिग्नल एक, आणि 'कष्टाळू, निष्ठावान, तक्रार न करणारे मनुष्यबळ'. 'तक्रार न करणारे' हे लनेलनेच घातलं होतं. पाहुण्यांना आवडतं.

जेवण चर्चच्या हॉलमध्ये होतं. तीसेक माणसं इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. सगळी त्याच कारखान्यातली, नऊ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी घरी पाठवलेली. केसलरना खुर्ची देऊन लनेल तडक स्वयंपाकघरात शिरली. तिची आई ओव्हेटा केळ्याचं पुडिंग वाढत होती.

"आई, ही तीच कंपनी आहे! नाव बदलून आलीय. त्याला दिव्याचं बटणसुद्धा माहितीय."

"हळू बोल. मिशी काढलीय त्याने, एवढंच. गाडीतून उतरला तेव्हाच ओळखला मी. शेवटी कामावरून काढलेल्यांची यादी हाच तर वाचत होता."

"आणि तुम्ही सगळे दात काढून बसलात? थांब, आत्ता जाऊन सगळ्यांसमोर त्याला—"

"काय करशील? हाकलशील?" ओव्हेटाने पळी भांड्यात आपटली. "रोज साठ मैल जाऊन बर्फासारख्या खोलीत कोंबड्या मी कापते, तू नाही. ही बोटं बघ, मिटत नाहीत आता. आपल्या जुन्या कारखान्यात तीनशे नोकऱ्या येतायत, घरापासून आठ मिनिटांवर."

"एकोणीस वर्षं राबलीस त्यांच्यासाठी! तुझ्या हातात काय दिलं त्यांनी? एक खोका, सामान भरायला!"

"मला सांगतेस?" ओव्हेटाने पुढच्या वाटीत पुडिंग वाढलं. "राग काय तुझ्या एकटीच्याच मालकीचा आहे? जा, बस त्याच्यासमोर. आणि तोंड नीट कर."

लनेल जाऊन बसली. केसलरनी रुमालाने ओठ टिपले.

"एक विचारायचं होतं. ती आधीची कंपनी निघून गेली, त्याचा लोकांच्या मनात काही राग वगैरे? आमच्या वरच्या लोकांना जरा काळजी वाटते."

हॉलमधले काटेचमचे वाजायचे थांबले. लनेलने तोंड उघडलं, पण तिच्या खांद्यावरून ओव्हेटाचा हात पुढे आला. तिने कपात कॉफी ओतली, मिठाची डबी उचलली, चिमूटभर मीठ कॉफीत टाकलं आणि ढवळलं.

केसलर कपाकडे बघत राहिले.

"मीठच लागतं ना तुम्हाला?" ओव्हेटा म्हणाली. "ती यादी तयार होत होती तेव्हा तीन दिवस मीच आणून देत होते. घ्या, गार होईल."

त्यांची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. ओव्हेटा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली, आणि मग फरशीवर खुर्च्या घासल्याचा मोठा आवाज झाला. सगळा हॉल त्या एका टेबलाभोवती सरकला होता.

"पगाराचं बोलूच," ओव्हेटा म्हणाली. "पण या वेळी शेवटापासून सुरू करू. बंद करायचं झालं, तर किती महिने आधी सांगणार? लनेल, लिहून घे."