पाचवा पिक्चर

‘थांबव,’ मधुसूदन म्हणाला.

गोपिकानं लॅपटॉपचं बटण दाबलं आणि पडद्यावरची बाई घागर घेऊन दारातच अडकली.

‘ती दारात येते तेव्हा मागचं आंगण दिसते का?’

‘दिसते न.’

‘कसं दिसते?’

गोपिकानं चष्मा वर सरकवला आणि पडद्याजवळ वाकली. ‘पांढरं. ऊनच ऊन. झाडबिड काई ओळखू येत नाई.’

‘उजेडानं जळालं म्हणजे,’ मधुसूदन समाधानानं म्हणाला. ‘घाईचा कॅमेरामन आहे तो. ऊन उतरेपर्यंत थांबला नाई. चल, पुढं.’

पिक्चर पुढे सरकला. धरमपेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, एप्रिलची दुपार आणि कूलर बंद. कूलरच्या घरघरीत आवाज नीट कळत नाही म्हणून त्यानंच तो बंद करायला लावला होता. गोपिकाच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि बोलून बोलून घशाला कोरड पडली होती. हा चौथा पिक्चर. कुठं बाई बसली, कुठं उठली, उजेड कुठून आला, सावली कुठं पडली, सगळं सांगायचं. तीसेक वर्षं कॅमेरामनची बायको म्हणून काढली, पण इतकं डोळे फाडून तिनं आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

मधुसूदन शेजारी कोंबडीसारखी मान वाकडी करून बसला होता. समोर पाहिलं की मधोमध नुसता राखाडी डाग. मान वळवली तर कडेकडेनं थोडं काही हाती लागायचं, दाराची चौकट, खुर्चीचा पाय, कोणाच्या तरी शर्टाचा रंग. घरात तो बिनबोभाट वावरायचा. जिन्यावरून उतरायचा, ओळखीचा आवाज आला की हात वर करून हसायचा. माणसाचा चेहरा मात्र त्याला वर्षभरात दिसला नव्हता आणि ही गोष्ट हे दोघं आणि डॉक्टर सोडले तर नागपुरात कोणाला ठाऊक नव्हती.

ठाऊक होऊन चालणारच नव्हतं. चित्रसंघाचे वार्षिक पुरस्कार तोंडावर आले होते. छायाचित्रणाच्या गटात पाच पिक्चर होते आणि मत द्यायचं तर पाचही पाहायचे, असा नियम. संघाच्या वेबसाइटवर प्रत्येक पिक्चर शेवटपर्यंत चालल्याशिवाय मतपत्रिका उघडत नसे. उघडली की सगळ्यात आधी एका वाक्यापुढे खूण करावी लागे, ‘या गटातील पाचही चित्रपट मी स्वतः पाहिले आहेत.’ त्यानंतर मग पहिला कोण, दुसरा कोण, ते भरायचं.

आणि गंमत अशी की हा नियम आणला होता मधुसूदननंच. लोक दोस्ती पाहून मतं टाकतात, पिक्चर उघडूनही पाहत नाहीत, म्हणून सर्वसाधारण सभेत तो तरातरा उठला होता. ‘न पाहता वोट देणं म्हणजे न जेवता ढेकर देणं,’ असं त्यानं माइकवर सांगितलं तेव्हा सभागृह हसलं होतं आणि नियम टाळ्यांच्या गजरात पास झाला होता. त्याच सभेत दुसराही एक नियम झाला. लागोपाठ दोन वर्षं मत दिलं नाही, तर मताचा हक्क गेला आणि नाव निवृत्तांच्या यादीत.

गेल्या वर्षी त्यानं तापाचं कारण सांगून मत टाळलं होतं. यंदा टाळता येत नव्हतं.

‘एक डाव निवृत्त म्हून नाव लागलं न, का मंग कोणी फोन करत नाई,’ तो परवाच म्हणाला होता. ‘दिवाळीनंतर ऑपरेशन होते माझं. थंडीत त्या गोंदियावाल्या प्रोड्यूसरचा पिक्चर हाती धरतो. तोपर्यंत नाव जाग्यावर राह्यलं पायजे, बस.’

गोपिका तेव्हा भाजी निवडत होती. ती खाली मान घालून निवडतच राहिली.

ऑपरेशन नव्हतंच. दिवाळीनंतर नाही आणि कधीच नाही. तपासण्या झाल्या त्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं होतं, पण मधुसूदन बाकावरून उठला नाही. ‘तूच जा, ऐकून ये,’ म्हणाला आणि डोळ्यांवर रुमाल धरून बसून राहिला. आत डॉक्टरांनी चांगलं अर्धा तास समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे, तो परत यायचा नाही, उरलं आहे तेवढं सांभाळायचं. गोपिका बाहेर आली. त्यानं रुमाल काढून वर पाहिलं आणि त्या तोंडाकडे पाहून तिच्या जिभेवर भलतंच आलं. सूज आहे म्हणे, उतरली की ऑपरेशन करू म्हणाले. तो लगेच उठला आणि खाली टपरीवर तिला चहा पाजला. बोलून गेली ती गेली. त्यानंतर रोज सकाळी तो डोळ्यांत थेंब घालून घ्यायचा आणि सूज किती उतरली ते विचारायचा. रोज ती काहीतरी सांगायची.

चौथा पिक्चर संपला तसा फोन वाजला. संघाच्या कार्यालयातली रोशनी होती.

‘मधुसूदनकाका, आज सातला लिंक बंद होते बरं का. तुमचं वोट अजून आलं नाई.’

‘देतो न बाई. एकच पिक्चर राह्यला पाहाचा.’

‘कोणता? अंकुशदादाचा?’

‘सातच्या आत होऊन जाते,’ एवढं म्हणून त्यानं फोन गोपिकाच्या हाती दिला.

अंकुशचा पिक्चर त्यानं मुद्दामच शेवटी ठेवला होता. हा अंकुश पारशिवनीकडचा. लग्नाच्या शूटिंगमध्ये लाइट उचलायला म्हणून आला आणि मधुसूदनच्या हाताखाली कॅमेरा शिकला. किती वर्षं तो या घरात जेवला. गोपिकाच्या हातची वांग्याची भाजी असली की पातेलं पुसून खायचा. मग बुटीबोरीला एका कारखान्याच्या फिल्मचं काम चाललं असताना तो हळूच म्हणाला, ‘सर, फोकस सुटून राह्यला.’ मधुसूदननं पुन्हा शॉट घेतला. पुन्हा अंकुश म्हणाला, ‘सर, अजूनबी सुटून राह्यला.’ मालक होता, मॅनेजर होता, दहा माणसं उभी होती. मधुसूदनचं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत त्यानं पोराला नाही नाही ते सुनावलं आणि चालता हो म्हणून सांगितलं. अंकुश गेला. फोकस खरंच सुटत होता हे पुढं डोळे तपासले तेव्हा कळलं, पण अंकुशचं नाव घरात त्यानंतर निघालं नाही. दिवाळीला त्याचा फोन यायचा आणि वाजून वाजून बंद व्हायचा.

‘लाव,’ मधुसूदन म्हणाला.

गोपिकानं पाचवा पिक्चर लावला.

आधी नुसता अंधार होता. अंधारात कोणीतरी फुंकत होतं. मग तळाशी एक लाल ठिणगी फुलली, विझली, पुन्हा फुलली आणि चुलीचा जाळ पकडला. त्या उजेडात एका म्हाताऱ्या बाईची हनुवटी दिसली, मग गाल, मग कपाळ. सुरकुतीन् सुरकुती उजेडात येत होती. तिच्या मागे दार उघडं होतं आणि दारात पहाटेचा निळा रंग हळूहळू भरत होता. पुढे लाल, मागे निळा, मधे ती बाई. गोपिका बोलायचं विसरली. असं काही तिनं पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. आपल्या नवऱ्याच्या कामातही नाही.

‘बोल न,’ मधुसूदन म्हणाला.

‘हं. बाई बसली आहे.’

‘अन् चेहरा?’

गोपिकानं त्याच्याकडे पाहिलं. मान वाकडी करून, गुडघे घट्ट धरून तो वाट पाहत होता. याला कसं सांगायचं, की तुम्ही हाकललेला पोरगा तुमच्या पुढं गेला आणि ते तुम्हाला कधी दिसणार नाही? तिला कणव आली आणि भीतीही वाटली. खरं सांगणाऱ्याचं या घरात काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

‘पांढराफटक दिसते चेहरा,’ ती म्हणाली. ‘समोरून लाइट मारला आहे. लग्नातल्यासारखा.’

‘समोरून?’

‘हो.’

मधुसूदनच्या तोंडावर क्षणभर बरं वाटल्याची खूण उमटली. ती टिकली नाही. ‘पुढं,’ तो म्हणाला.

गोपिका पुढे सांगत गेली. एकदा सुरू केल्यावर आता थांबायची सोय नव्हती. नदीचा शॉट आला, काठावरच्या धुक्यातून बैल येत होते, तिनं सांगितलं, काही नीट दिसत नाही, सगळं धुरकट आहे. रात्रीच्या बाजाराचा शॉट आला, तिनं सांगितलं, फार अंधार आहे. नवऱ्याच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेल्या सगळ्या खोडी तिनं एकेक करून अंकुशच्या माथी मारल्या. मधुसूदनचे प्रश्न कमी कमी होत गेले. चौथ्या पिक्चरला त्यानं सतरांदा थांबवलं होतं, आता नुसता ऐकत होता.

‘बंद कर,’ शेवटी तो म्हणाला. ‘सुरुवातीचं लाव. बाईचं.’

तिनं मागे नेऊन लावलं. खोलीत फुंकण्याचा आवाज आला. मग काटक्या तडतडल्या.

‘फुकणी आहे न ही?’

‘हो.’

‘चूल पेटवून राह्यली बाई.’

‘हो.’

‘पहाट आहे. कोंबडा आरवला आताच, म्या ऐकलं. घरात लाइट नाई. अन् उजेड समोरून?’

गोपिकानं पडद्यावरची नजर खाली घेतली.

‘अंकुशनं चुलीपुढं बसलेल्या बाईवर समोरून लाइट मारला?’ तो सावकाश म्हणाला. ‘अवं, त्याले लग्नातबी समोरून लाइट लावता नाई आला कदी. लोक बोंबलत, नवरी काळी दिसते म्हून. माझ्या शिव्या खाल्ल्या त्यानं, पण नाई लावला तं नाईच लावला.’

काटक्या तडतडत होत्या. गोपिकानं पिक्चर थांबवला.

‘काहून वं?’

‘तुमाले त्रास झाला असता,’ ती म्हणाली. ‘लय चांगलं केलं जी त्यानं. तुमाले ऐकवलं नसतं.’

मधुसूदन चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या बाजूला, तिच्या चेहऱ्याची एखादी कड तरी सापडते का पाहत.

‘डॉक्टरचंबी असंच सांगतलं का तू मले?’

नाही म्हणायला अजूनही वाव होता. एक शब्द टाकला असता तर दिवाळीपर्यंत निभावलं असतं, पुढंही काहीतरी सुचलंच असतं. गोपिकानं तोंड उघडलं, पण तो शब्द येईना. वर्षभराचं खोटं तिच्या अंगावर आलं आणि ती अगदी थकून गेली.

‘ऑपरेशन नाई आहे,’ ती म्हणाली.

‘दिवाळीले?’

‘कदीच नाई.’

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होईना. मधुसूदन दोन्ही तळवे गुडघ्यांवरून घासत राहिला, वर खाली, वर खाली. स्कूटर सुरू होऊन गेली तरी त्याचे हात थांबले नाहीत. गोपिका रडत होती आणि आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून होती.

‘रडू नको,’ तो म्हणाला. ‘म्याच पाठवलं होतं तुले आत. माझी हिंमत नाई झाली.’ मग म्हणाला, ‘अंकुशनं खरं सांगतलं, तं त्याले हाकलून देलं मी. मंग तू कायले सांगशील?’

तिनं उठून कूलर लावला. पाणी आणलं. त्यानं ग्लास चाचपून घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. साडेपाच वाजले होते. पिक्चर शेवटपर्यंत चालवायला आणि पाच नावं भरायला अजून वेळ होता.

‘वोटाचं काय करू?’ तिनं विचारलं. ‘नंबर सांगा, मी भरून देतो.’

‘त्या वाक्यापुढं खूण करा लागते न?’

‘करतो न मी.’

‘नको करू,’ मधुसूदन म्हणाला. ‘मी पाह्यले नाई ते पिक्चर.’

‘मंग नाव जाते न जी तुमचं.’

‘जाऊ दे.’

तिनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. त्याला झाकणाची हालचाल कडेनं दिसली असावी.

‘मिटू नको. पयलेपासून लाव.’

‘आता कायले? वोट तं द्यायचं नाई.’

‘मले पाहाचा आहे,’ तो म्हणाला. ‘अन् तो कूलर बंद कर.’

गोपिकानं कूलर बंद केला. डोळे पुसले, चष्मा पुसला आणि पिक्चर पहिल्यापासून लावला. अंधारात फुंकण्याचा आवाज सुरू झाला.

‘खालून आहे उजेड,’ ती म्हणाली. ‘लाल. हनुवटीवर आला आता, मंग गालावर चढून राह्यला.’

‘अन् मागं?’

‘मागं दार आहे. दारात निळं होऊन राह्यलं.’

‘हळू,’ मधुसूदन म्हणाला. ‘हळू सांग.’