राणीनं दाखवलेलं लाल कार्ड

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तानाजी आष्ट्याला परतला, तेव्हा क्लबात हॉकी खेळणारी पोरं भरपूर होती, पंच मात्र धड एकही नव्हता. सामना म्हणजे निम्मा खेळ अन् निम्मी भांडणं. तानाजीनं पंच घडवायचं मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी तो पांढऱ्या फक्कीच्या रेघांनी मैदान आखायचा आणि शिकाऊ पंचांना घाम फुटेस्तोवर पळवायचा. शिट्टी कुणीबी फुंकतंय, तो म्हणायचा, उभं कुठं ऱ्हायचं ते शिका.

आलेल्यांत राणी टिकली. म्हसवडकडच्या मेंढपाळ घरातली ही पोरगी आष्ट्याच्या शाळेत शिकवायची. सुरुवातीला तिची शिट्टी शेजारच्यालासुद्धा ऐकू जात नसे.

"अगं, मेंढरं वळवताना एवढ्याच आवाजात हाळी देतीस व्हय?" तानाजी ओरडायचा. ती हसायची, आणि पुढच्या वेळी मैदान दणाणायचं.

सराव संपला की तानाजीची बायको संयोगिता तिला घरी जेवायलाच बसवायची. मुलगा जयराज तिला ताई म्हणायचा. क्लबात जयराजसारखा गोल करणारा दुसरा नव्हता.

जानेवारीत कोयनानगरच्या संघाशी सामना ठरला. फौजेच्या एका संघाचे निवडकर्ते खास जयराजला बघायला येणार होते. घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पंच म्हणून तानाजीनं राणीला उतरवलं. तिचा हा पहिलाच मोठा सामना.

शिकाऊ पंच मैदानात असला की तानाजी चेंडू बघत नसे. पंचाचे पाय बघायचा, मान कुठं वळते ते बघायचा. त्या दिवशीही तो राणीकडंच बघत होता. उत्तरार्धात चेंडू लांब कोपऱ्यात गेला, सगळं मैदान तिकडं वळलं. राणीची नजर तेवढी मागं राहिली. आणि शिट्टी वाजली.

तानाजीनं वळून पाहिलं. कोयनानगरचा शिवतेज तोंड धरून खाली बसला होता, बोटांतून रक्त ठिबकत होतं. बाजूला जयराज हॉकीची काठी टाकून, दोन्ही हात वर करून उभा होता.

"ताई, चुकून लागली!"

राणीनं लाल कार्ड काढलं.

गलका उठला. जयराज तडक बापापाशी आला. "आबा, सांगा की तिला! तुमी बघितलं न्हवं?"

"मी राणीकडं बघत हुतो."

"मग मी मुद्दाम मारलं कशावरनं?"

"तिनं बघितलंय," तानाजी म्हणाला.

जयराज क्षणभर बापाकडं बघत राहिला आणि मैदानाबाहेर निघून गेला. निवडकर्ते सामना संपायच्या आधीच गाडीत बसले.

प्रत्येक सामन्यानंतर पंचाला जवळ बसवून काय जमलं, काय चुकलं ते सांगायची तानाजीची रीत होती. राणी आली ती रडतच.

"सर, माझं चुकलं का?"

"उभी बरोबर जागी हुतीस. शिट्टीबी येळेवर." तानाजी म्हणाला. "पर कार्ड काढताना तू माझ्याकडं बघितलंस. तसं करायचं न्हाई, पोरी."

थोड्याच दिवसांत जयराज पुण्याला गेला आणि एका गोदामात कामाला लागला. काठी घरीच ठेवून गेला. फोन करायचा तो फक्त आईला. राणी रविवारी येत राहिली, पण संयोगितानं तिला जेवायला बोलावणं बंद केलं. तानाजीनंही कधी तो विषय काढला नाही.

दिवाळीला जयराज आला नाही. पाडव्याच्या दिवशी संयोगिता तानाजीजवळ येऊन बसली.

"आवं, त्यानं मारलंच हुतं. जायच्या आधी मला बोलला. त्या पोरानं शिवी दिली, अन् ह्याचा हात उठला."

"मला का न्हाई सांगितलं?"

"म्हनला, आबांनी मला इचारलंच न्हाई."

तानाजीनं तिचा फोन घेतला आणि मुलाला लावला.

"बोल, आई," पलीकडून आवाज आला.

इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकला, आणि तानाजीच्या तोंडून शब्दच फुटेना.

"आई? बोल की." मग पलीकडंही शांत झालं. कोण आहे ते जयराजनं ओळखलं असावं. थोडा वेळ दोघं तसेच राहिले आणि मग जयराजनं हळूच फोन ठेवला.