वीणा गळ्यात असताना

या, असे अलीकडे या. खांबाला टेकून बसू नका, टेकलेल्या माणसाला झोप लवकर येते आणि ही गोष्ट झोपेत ऐकायची नाही. एका भल्या माणसाच्या पायात हेव्याचा काटा मोडला आणि तो काढायला तो वैदूकडे न जाता वकिलाकडे गेला, त्याची ही हकीकत. जवळ बसा, पुरती सांगतो.

जुन्या जालन्यात भुजंगरावांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं, आणि घरामागं भाड्यानं दिलेली एक खोली. पण गल्लीत ते ओळखले जायचे गळ्यासाठी. चैत्रात विठ्ठल मंदिरात सप्ताह बसला, कडूबाबुवा कीर्तनाला उभे राहिले, की बुवांच्या उजव्या हाताला भुजंगराव ठरलेले. बुवांचं नाव कडूबा, पण वाणी अशी की ऐकणाऱ्याच्या तोंडात खडीसाखर विरघळावी. ते चरण अर्ध्यावर सोडायचे, मान तिरकी करून म्हणायचे, "भुजंगराव, घ्या वर," आणि भुजंगराव तो चरण उचलून कळसाला नेऊन ठेवायचे. त्या तीन शब्दांवर माणूस वर्षभर जगायचा. बावीस वर्षं असंच चाललं होतं.

मागच्या खोलीत वसंता मापाडी राहायचा, तो आणि त्याची बायको प्रभावती. महिना बारा रुपये भाडं. नवीन जालन्याच्या मोंढ्यात धान्य मोजायचं त्याचं काम. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, आणि पुढं सुरात दोन, तीन, चार. दिवसभर सुरात मोजून वसंताचा गळा विहिरीसारखा खोल आणि मोकळा झाला होता. पण देवळात तो मागच्या रांगेत बसून टाळ वाजवायचा. त्याचा गळा कुणी ऐकलाच नव्हता, आणि ऐकवावा असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. मोंढ्यात पोतंच येईना, तर मापाडी मोजणार काय? वसंता आणि प्रभावती खडी फोडायला जाऊ लागले आणि खोलीचं भाडं थांबलं. भुजंगरावांनी तगादा लावला नाही. केशरबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोनदा ज्वारीचं पीठसुद्धा मागच्या दारानं पोचवलं. त्यात वसंताला फार अवघडायचं. मालक समोर दिसले की तो मान खाली घालून भिंतीच्या कडेनं जायचा.

त्या सालीही सप्ताह बसला. आता सप्ताहाच्या वीणेचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. दोन दोन तासांचा पहारा, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. देताना-घेताना दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, मग समोर सावकार असो की त्याचा नोकर. आणि त्या देवळात आणखी एक जुना रिवाज होता: वीणा गळ्यात असताना बोललेला शब्द मोडायचा नाही. म्हणून शहाणी माणसं तेव्हा 'रामकृष्ण हरी'शिवाय काही बोलतच नसत.

भुजंगराव बोलले. त्यांचा पहारा दहा ते बारा, वसंताचा बारा ते दोन. उन्हाचा म्हणून तो कुणालाच नको असायचा. वसंता वीणा घ्यायला आला, पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याच्या हाताला खडीनं फोड आले होते. भुजंगरावांचं मन द्रवलं. वीणा अजून त्यांच्याच गळ्यात होती. ते हळूच म्हणाले, "वसंता, मोंढ्यात माल येईस्तोवरचं भाडं मला नको. मान वर करून चालत जा."

ऐकायला देवाशिवाय तिसरं कुणी नव्हतं.

आणि त्यानंतर चौथ्या दिवशी, सप्ताहाच्या शेवटी, ते घडलं. काल्याच्या कीर्तनाला मंडप भरला होता. बुवांनी चरण सोडला, भुजंगरावांनी उचलला, आणि वर जाता जाता त्यांचा आवाज चिरकला. पुन्हा धरला, पुन्हा चिरकला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी तो चरण अलगद झेलला आणि वर नेला, इतका वर, की मृदंगावरचा हात क्षणभर थांबला. बुवा वळले. "कोण रे तू? असा पुढं ये." वसंता पुढं आला. बुवांनी त्याला उजव्या हाताला उभं केलं. भुजंगराव एक पाऊल मागं सरकले. त्या एका पावलाचं अंतर पुढं वर्षभर त्यांच्या छातीत दुखत राहिलं.

पाऊस पडला, दिवाळीत मोंढा भरला. वसंता पुन्हा महिन्याच्या महिन्याला बारा रुपये आणून द्यायला लागला. मागच्या अकरा महिन्यांचा विषय कुणीच काढला नाही. पण आता प्रत्येक एकादशीला वसंता पुढं आणि भुजंगराव मागं. बुवा गावात आले की आधी विचारायचे, वसंताचा खोकला कसा आहे. एकदा तर भुजंगरावांच्या घरचा पाट मांडलेला तसाच राहिला आणि बुवा मागच्या खोलीत पिठलं-भाकर जेवले. पहाटे वसंता अंघोळ करताना गुणगुणायचा, ते भिंतीतून भुजंगरावांच्या अंथरुणात यायचं. ते चोरून ज्येष्ठमध चघळायचे, आल्याचा रस घ्यायचे, दुकान बंद करून पेंडीच्या पोत्यांसमोर वरचा सूर लावून बघायचे. पोती काहीच बोलायची नाहीत. केशरबाई मात्र सहज म्हणून गेल्या, "काल वसंताचा गळा काय लागल्ता!" आणि त्या दिवशी भुजंगराव न जेवता दुकानात गेले.

माणसाला हेवा वाटला की तो हेव्याला हेवा म्हणत नाही. भुजंगराव स्वतःशी म्हणायला लागले, भाडेकरू माजलाय. अकरा महिने फुकट राहिलाय. हक्काचं मागितलं तर त्यात वाईट काय?

पौषात ते कुंडलिका नदी ओलांडून स्टेशनाजवळ रामराव वकिलांकडे गेले. रामराव सरळ माणूस. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि एक एक गोष्ट समजावून सांगितली. थकलं म्हणून भाडेकरूला हात धरून बाहेर काढता येत नाही, कुलूप घालता येत नाही. आधी नोटीस, भरायला मुदत, मग भाड्याचे खटले चालवणाऱ्या साहेबांकडे अर्ज. तिथं शपथेवर सांगावं लागतं. शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही तोंडी कधी सूट दिल्ती का? असली तर आत्ताच सांगा. अर्धं सांगणाऱ्या माणसाला कायदा अर्धीच मदत करतो."

"बिलकुल न्हाई," भुजंगराव म्हणाले. बोलताना त्यांचा हात आपोआप छातीवर गेला, जिथं वीणा असते तिथं. तो त्यांनी खाली घेतला.

नोटीस पोचली तशी वसंता ती हातात घेऊन दुकानात आला. त्याला वाटत होतं, मालक हसतील आणि म्हणतील, चुकून आला कागद. भुजंगराव सरकीत हात घालून बसले होते. वसंता एवढंच म्हणाला, "मालक, तुमच्या नावाचा कागद आलाय." भुजंगरावांनी वर न बघता उत्तर दिलं की बोलायचं ते आता साहेबापुढं. वसंतानं कागदाची घडी घातली आणि गेला. त्या रात्रीपासून भिंतीतून गुणगुणणं येईना. त्यांना वाटलं होतं आता झोप लागेल.

माघात तारीख लागली. भुजंगरावांनी शपथ घेतली आणि सांगितलं की सूट दिलेली नाही. मग साहेब वसंताकडे वळले. भाडं थकलं हे खरं का? खरं साहेब, अकरा महिने. मालकानं माफ केलं होतं का?

वसंतानं भुजंगरावांकडे बघितलं. नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"ते मालकाला माहीत, साहेब," तो म्हणाला. "मी दिलं न्हाई, येवढं माझ्याकडचं खरं."

साहेबांनी लिहून घेतलं, भाडेकरूला कबूल आहे. महिन्याभरात खोली सोडायचा हुकूम झाला. जिना उतरताना रामराव वकील थांबले. "भुजंगराव, हुकूम मिळाला म्हणून तो बजावलाच पाहिजे असं काही न्हाई. तो माणूस काहीतरी गिळून बसलाय. काय ते तुम्ही मला सांगितलं न्हाई."

भुजंगरावांना कळलं होतं. वसंतानं तोंड उघडलं असतं, तर वीणा गळ्यात घालून बोललेला माणूस भर कचेरीत खोटा ठरला असता आणि बट्टा वीणेला लागला असता. तो बट्टा लागू नये म्हणून मापाड्यानं आपलं घर मोजून दिलं.

महिना भरायच्या आत वसंतानं खोली सोडली. प्रभावतीनं जमीन सारवून दिली, किल्ली केशरबाईंच्या हातात ठेवली, आणि दोघं मोंढ्यामागं एका पत्र्याच्या शेडात राहायला गेले. केशरबाईंनी किल्ली नवऱ्यासमोर आपटली. "घ्या. आता गा."

चैत्र आला, सप्ताह बसला. पहारे तेच, दहा ते बारा भुजंगराव. त्यांना खात्री होती, वसंता येणार नाही. बाराच्या ठोक्याला तो आला, नदी ओलांडून, डोक्यावर ओला पंचा. भुजंगरावांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली. वसंता वाकून पाया पडला. आता भुजंगरावांची पाळी. ते वाकले आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून म्हणाले, "वसंता, खोली रिकामीच आहे. परत ये."

वसंता तारेवर बोट ठेवून होता. "वीणा आता माझ्या गळ्यात आहे, मालक," तो सावकाश म्हणाला. "तुमच्या न्हाई. तुमचं आत्ताचं बोलणं साधं."

भुजंगराव घरी गेले नाहीत. दोन ते चारचा पहारेकरी मंडपातच बसला होता, त्याला हात जोडून म्हणाले, आज तुझी पाळी मला दे. आणि सभामंडपाच्या पायरीवर बसून राहिले. वसंता वीणा घेऊन फिरत होता आणि गात होता, कुणासाठी नाही, नुसता. खोटं कशाला सांगू, त्या दोन तासांतही भुजंगरावांना हेवाच वाटत होता. गळ्याचा वाटत होता, आणि आता त्याहून मोठा एक हेवा त्याच्या शेजारी येऊन बसला होता: साहेबापुढं असं गप्प बसणं आपल्याला कधी जमलं असतं का?

दोन वाजले. वसंतानं वीणा त्यांच्या गळ्यात घातली. भुजंगरावांनी ती दोन्ही हातांनी धरली, आणि या वेळी मंडपातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "दुष्काळातलं भाडं मी ह्याला माफ केल्तं, ह्याच वीणेवर. साहेबापुढं मी खोटं बोललो. खोली वसंताची आहे, तो र्‍हाईल तोवर."

हेव्याचं मात्र काही बोलवलं नाही त्यांच्याच्यानं. तेवढं काळजातच राहिलं.

वसंता पाया पडला, ते पाया पडले. "सप्ताह उठल्यावर येतो," वसंता म्हणाला. "प्रभावती म्हणंल, सारवलेली जमीन वाया गेली न्हाई पायजे."

काल्याच्या आदल्या दिवशी भुजंगराव रामराव वकिलांकडे गेले, सगळं सांगितलं आणि हुकूम बजावायचा नाही म्हणून लिहून द्यायला सांगितलं. रामरावांनी लिहिलं आणि फीसुद्धा घेतली. म्हणाले, पुरती हकीकत ऐकायला मला वाट पाहावी लागली, तिचा हा खर्च.

आणि काल्याला बुवांनी चरण सोडला तेव्हा वसंता उजव्या हाताला होता आणि भुजंगराव एक पाऊल मागं. दुखलं का? दुखलं. पण त्यांनी मागून चरण धरला.

आता उठायच्या आधी एवढं करा. घरी कधी धान्य मोजायला बसलात आणि पहिल्या मापाला तोंडून 'लाभ' निघालं, तर हात घटकाभर थांबू द्या आणि वसंता मापाड्याची आठवण काढा.